टाइप केलं, पाठवलं नाही: भावना आवरायला शिकणाऱ्यांसाठी

गणपती होऊन आठवडा झाला होता. रात्री अकरा वीसला घरच्या ग्रुपवर चुलत दादाचा मेसेज आला: "हिशोब मिळणार आहे का? की मागच्या वर्षीसारखाच विषय संपला?" ग्रुपवर तेवीस माणसं. दोघांनी लगेच अंगठा दाखवला. गावच्या गणपतीचा खर्च यंदा माझ्याकडे होता. माटवीच्या, म्हणजे गणपतीवर फळंफुलं बांधायच्या चौकटीच्या, सामानापासून भजनाच्या रात्रीच्या उसळीपर्यंत सगळ्या पावत्या मी बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या, आणि वर हे ऐकून घ्यायचं? डोंबिवलीच्या आमच्या स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, मी उभ्या उभ्या उत्तर टाइप केलं. अकरा ओळी. त्यातल्या चार ओळी दादाच्या २०१६ सालच्या एका वागण्याबद्दल होत्या, ज्याचा गणपतीशी काडीचा संबंध नव्हता.

ते उत्तर गेलं नाही. काही वर्षांपूर्वी गेलं असतं, आणि मग दोन दिवाळ्या फोन बंद. मधल्या काळात मी समुपदेशनाला गेले, या विषयावर मिळेल ते वाचलं, आणि मुख्य म्हणजे चुकत चुकत सराव केला. मी डॉक्टर नाही. पण नव्याने सुरुवात करणाऱ्याला जे कुणीतरी शेजारी बसून सांगायला हवं असतं, ते मला सांगता येईल.

आधी एका शब्दाबद्दल

मराठीत राग आवरतात आणि घरही आवरतात. मला हा योगायोग फार आवडतो. पाहुणे दारात आले म्हणून सगळा पसारा कपाटात कोंबून दार दाबून धरणं म्हणजे घर आवरणं नव्हे, ते आपल्याला पक्कं माहीत असतं. कारण नंतर कपाट उघडलं की सगळं अंगावर येतं. भावनांच्या बाबतीत मात्र आपण कोंबण्यालाच आवरणं म्हणतो. "किती शांत आहे हो ती, कधी बोलत नाही" हे कौतुक ज्या बाईचं होतं, तिचं कपाट एकदा बघायला हवं.

आवरणं म्हणजे कुठली वस्तू कुठली हे बघून ती जागच्या जागी ठेवणं. राग, भीती, दुःख या टाकून द्यायच्या वस्तू नाहीतच. भीती नसती तर रस्ता ओलांडताना आपण इकडेतिकडे पाहिलं नसतं.

स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी १९९८मध्ये या विषयाची एक मांडणी केली, ती आजही सगळीकडे वापरली जाते. भावना एकदम आकाशातून पडत नाही, ती टप्प्याटप्प्याने तयार होते, आणि प्रत्येक टप्प्यावर तिला हात घालता येतो. पहिलं, कुठल्या प्रसंगात जायचं हे निवडणं. दुसरं, प्रसंगात असताना तो थोडा बदलणं. तिसरं, लक्ष कुठे द्यायचं ते ठरवणं. चौथं, घडलेल्याचा अर्थ वेगळा लावून बघणं. आणि पाचवं, भावना उसळल्यावर अंग, चेहरा, जीभ यांना सांभाळणं. जितका आधी हात घालाल तितके कष्ट साधारणपणे कमी.

शिकवणारे पहिल्या टप्प्यापासून सुरुवात करतात. मी उलटी, शेवटून करते; मध्ये नाव देण्याची एक पायरी माझ्याकडून घातलीय, आणि पहिले दोन टप्पे शेवटी एकत्र घेतलेत. कारण नवख्या माणसाला आपण चिडलोय हे कळतंच मुळी आवाज चढल्यावर. जिथे जाग येते तिथूनच चालायला लागायचं. सरावाने जाग अलीकडे येत जाते.

पायरी १: अंगापासून सुरू करा

प्रत्येकाच्या अंगाची एक खूण असते. कुणाची कानशिलं तापतात, कुणाचा जबडा आवळतो, कुणाच्या पोटात खड्डा पडतो. माझी खूण अगदीच फालतू आहे: टाइप करताना अंगठा काचेवर टकटक वाजायला लागतो. त्या रात्री तो आवाज मला ऐकू आला, आणि खरं सांगायचं तर सगळं तिथेच वाचलं. पहिल्या आठवड्यात बाकी काहीच करू नका, फक्त आपली खूण शोधा. घरच्यांना विचारलंत तर ते लगेच सांगतील. त्यांना ती आपल्याआधी माहीत असते.

खूण सापडली की श्वास. चार मोजत नाकाने आत, सहा मोजत हळूहळू बाहेर. म्हणजे एक फेरी दहा सेकंदांची, मिनिटाला सहा श्वास. असं निदान तीन मिनिटं. पहिल्या मिनिटात काहीच होत नाही आणि "हे फालतू आहे" असं वाटतं. ते वाटू द्या. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात, म्हणून सोडण्याचा वेळ लांबवायचा. "दीर्घ श्वास घ्या" या सल्ल्यात नेमकं हेच सुटतं. माणसं छाती फुगवून जोरजोरात श्वास ओढतात आणि त्यांना भोवळ येते. ओढण्यावर जोर नको, सोडण्यावर हवा.

इटलीतल्या संशोधकांनी २००१मध्ये एक गमतीशीर गोष्ट मोजली. ख्रिस्ती प्रार्थनेची लॅटिनमधली जपमाळ ओढणाऱ्या आणि 'ओम मणि पद्मे हुम्' म्हणणाऱ्या माणसांचे श्वास त्यांनी नोंदवले. दोन्हीत ते आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आले. सांजवात लावून लयीत स्तोत्र म्हणणाऱ्या माझ्या आजीला कुणी श्वासाचा व्यायाम शिकवला नव्हता, पण म्हणून झाल्यावर ती खरोखरच कमी चिडकी असायची. आकडा मनात मोजायला कंटाळा येत असेल तर तुमच्या पाठातलं, संथ लयीतलं काहीही चालेल.

तोंडावर गार पाण्याचे हबके मारल्यानेही ठोके मंदावतात. हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी मात्र बर्फाच्या पाण्याचे प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.

आता या पायरीवरच्या दोन चुका. दोन्ही मी भरपूर केल्यात.

पहिली म्हणजे वाफ काढणं. डोक्याचा कुकर होतो, शिट्टी झाली पाहिजे, नाहीतर स्फोट होईल, असं आपण सर्रास बोलतो. उशीला बुक्के मार, भांडी आपट, म्हणजे मोकळं वाटेल. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२मध्ये हे तपासलं. विद्यार्थ्यांना आधी मुद्दाम चिडवलं, मग काहींना चिडवणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅगवर गुद्दे मारायला लावले आणि काहींना नुसतं दोन मिनिटं गप्प बसवलं. गुद्दे मारणारे जास्त चिडलेले निघाले. २०२४मध्ये १५४ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला, त्यातही अंगातली उसळी कमी करणारे उपाय रागावर चालतात, ती वाढवणारे चालत नाहीत असंच दिसलं. डोकं म्हणजे कुकर नाही. भांडी आपटून एवढंच होतं की भांडी चेपतात आणि पुढच्या वेळी हात आणखी लवकर उचलला जातो.

दुसरी चूक म्हणजे कोंबणं. ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन यांनी नव्वदच्या दशकात लोकांना अस्वस्थ करणाऱ्या चित्रफिती दाखवल्या आणि काहींना सांगितलं, चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. चेहरे स्थिर राहिले. पण आतली किळस कमी झाली नाही, आणि शरीरावरचा ताण उलट वाढला. पुढच्या प्रयोगांत असंही दिसलं की भावना दाबून ठेवताना समोर काय बोललं गेलं ते नीट लक्षात राहत नाही. नात्यातल्या लग्नात चार तास कसनुसं हसून घरी आल्यावर "कोण काय म्हणालं" यातलं निम्मं आठवत नाही, ते याचमुळे असावं.

तरीही दाबणं सरसकट वाईट असं मी म्हणणार नाही. तेराव्याच्या पंगतीत, आजारी सासऱ्यांच्या समोर, मुलाच्या शिक्षकांपुढे काही वेळा गिळावंच लागतं, आणि ते शहाणपणच असतं. फक्त गिळलेलं संध्याकाळी कुठेतरी काढून बघायचं, एवढं ठरवून ठेवा.

पायरी २: नेमकं नाव द्या

या पायरीवर मी सगळ्यात जास्त रेंगाळणार आहे, कारण इथे मराठी माणसाच्या हातात आयतं भांडवल आहे आणि आपण ते वापरत नाही.

हल्ली सगळ्याला दोनच शब्द पुरतात: 'टेन्शन' आणि 'मूड ऑफ'. शब्द परके आहेत याचं मला वावडं नाही, मी दिवसभर तेच बोलते. अडचण ही की बारा वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत भरल्या की कुठल्या गोष्टीवर काय करायचं ते कळत नाही. औषधाच्या दुकानात जाऊन "दुखतंय" एवढंच सांगण्यासारखं आहे ते.

जरा पिशवी ओतून बघू. चिडचिड ही बहुतेक वेळा अंगाची असते. झोप झालेली नाही, पोटात काही नाही, पाळी जवळ आलीय. तिच्यावर विचार करण्यापेक्षा खाणं आणि झोपणं बरं. वैताग म्हणजे तीच ती छोटी कटकट पुन्हा पुन्हा होणं. रोजची गच्च भरलेली लोकल, रोजचा तोच प्रश्न. त्यावर व्यवस्था बदलणं हाच उतारा. संताप अन्यायाचा असतो, आणि तो बहुधा काहीतरी खरं सांगत असतो. चरफड म्हणजे बोलता न येणारा संताप: साहेब समोर आहेत, नोकरी हवीय. तिला बोलायला सुरक्षित जागा लागते. जळफळाटात दुसऱ्याचं सुख असतं, आणि थोडं धीराने बघितलं तर आपल्याला आयुष्यात काय हवंय त्याचा पत्ताही त्यातच असतो. त्रागा म्हणजे दुसऱ्याला दिसावं म्हणून स्वतःलाच केलेला त्रास, "मी जेवणारच नाही" वगैरे. आणि रुसवा तर फारच खास. परक्यावर कुणी रुसत नाही. रुसव्याच्या पोटात "हा माझी समजूत काढायला येईल" हा भरवसा असतो. ज्याला रुसवा आहे तो राग समजून मेसेज टाइप करतो, तेव्हा नातं उगाच मोडतं.

काळजीच्या बाजूलाही तसंच. धाकधूक निकालाची असते, तो लागला की ती संपते. घालमेल म्हणजे दोन वाटांपैकी एक निवडता न येणं, ती निर्णयाने शमते. हुरहुरीला धड कारणच नसतं, तिला दिवेलागणीची वेळ पुरते. तिच्यावर उपाय शोधत बसू नये, चहा करावा.

नाव देण्याने निव्वळ माहिती मिळते असं नाही, धारही बोथट होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या संशोधकांनी २००७मध्ये लोकांना चिडलेले, घाबरलेले चेहरे दाखवले आणि त्यांचा मेंदू स्कॅन केला. त्या भावनेसाठी शब्द निवडायला सांगितला, तेव्हा मेंदूतल्या धोक्याची घंटा वाजवणाऱ्या अमिग्डाला या भागाची चाळवाचाळव कमी झाली.

करायचं काय? कागदावर किंवा फोनमध्ये एक ओळ: "मला आत्ता ___ वाटतंय, दहापैकी ___." 'मी रागीट आहे' असं लिहायचं नाही, 'मला राग आलाय' असं लिहायचं. आपल्या भाषेत भावना 'येते', आणि येणारी वस्तू जाते. पहिलं नाव सुचलं की तिथे थांबू नका, "आणि अजून?" असं एकदा विचारा.

त्या रात्री मी लिहिलं: राग, दहापैकी आठ. आणि अजून? अपमान. आणि अजून? इथे मी बराच वेळ थांबले. मग लिहिलं: धास्ती, पाच. कारण डब्यात सगळ्या पावत्या होत्या, नारळवाल्याची सोडून. साडेसातशे रुपये. बाजाराच्या गडबडीत घ्यायची राहिली होती. चोरी नव्हती, पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय असतं हे मला त्या ओट्याशी कळलं. अकरा ओळींचा जोर त्या साडेसातशे रुपयांतून येत होता.

पायरी ३: लावलेला अर्थ तपासा

न्यूयॉर्कमध्ये मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास एक उपचारपद्धती मांडायला सुरुवात केली. तिचं बीज प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटस यांच्या एका विचारात आहे: माणसाला घटना अस्वस्थ करत नाहीत, घटनांबद्दलची त्याची मतं करतात. महाराष्ट्रात ही पद्धत रुजवली ती डॉ. कि. मो. फडके यांनी. एलिस यांच्याशी त्यांचा अनेक वर्षं पत्रव्यवहार होता. मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात, आणि ठाण्याचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनीही ती व्याख्यानांतून आणि लेखनातून घराघरांत नेली.

पद्धत साधी आहे. वहीत तीन रकाने पाडा: घटना, मी स्वतःला काय म्हणाले, त्यातून काय वाटलं. बहुतेक लोक पहिल्या रकान्यातच गडबडतात. "दादाने मला चोर ठरवलं" ही घटना नव्हे. घटना एवढीच की दादाने ग्रुपवर दोन प्रश्न विचारले. चोर ठरवणं दुसऱ्या रकान्यात जातं, तिथे ते मी केलेलं आहे. पहिल्या रकान्यात कॅमेऱ्याला दिसेल आणि ऐकू येईल तेवढंच.

दुसऱ्या रकान्यात मराठी माणसाने एक अक्षर हुडकायचं: 'च'. "लोकांनी माझ्या कष्टांची जाणीव ठेवलीच पाहिजे." "माझ्यावर संशय घ्यायलाच नको." "हे असं व्हायलाच नको होतं." एलिस यांचा सगळा रोख इंग्रजीतल्या 'मस्ट' या ज्या आग्रही क्रियापदावर होता, ते आपल्याकडे एका अक्षरात मावतं. तो 'च' खोडून वाक्य पुन्हा वाचा. "लोकांनी माझ्या कष्टांची जाणीव ठेवली तर मला फार बरं वाटेल." इच्छा जागच्या जागी राहते, हुकूम निघून जातो. मोडलेल्या हुकमाचा संताप येतो, अपुऱ्या इच्छेचा हिरमोड होतो. हिरमोड सोसता येतो.

मग एकच प्रश्न: याच घटनेचा दुसरा, तितकाच शक्य असलेला अर्थ काय? चांगलाच असायला हवा असं नाही, शक्य असला की पुरे. दादाचे तीन हजार रुपये त्यात होते. मागच्या वर्षी हिशोब खरंच आला नव्हता, आणि तेव्हा काम दुसऱ्याकडे होतं. म्हणजे त्या प्रश्नात माझ्यापेक्षा मागचं वर्षच जास्त होतं. मला हा अर्थ पटला का? निम्मा. निम्मा पुरतो. आठचा पाच झाला.

इथे दोन गोष्टी सांभाळा. "होतं ते चांगल्यासाठीच" हे अर्थ तपासणं नव्हे, ती मनाला दिलेली गोळी आहे, आणि ज्याच्या घरात नुकतं कुणी गेलंय त्याला ती देऊ नये. दुसरं, कुणी मारत असेल, धमकावत असेल, पैसे हिसकावून घेत असेल, तर आपला दृष्टिकोन तपासत बसायचं नाही. तिथे प्रसंगच बदलायला हवा, आणि तातडीने मदत हवी असेल तर ११२ आहे. बायकांना "तूच समजून घे" सांगायची आपल्याकडे इतकी सवय आहे की ही पायरी उलटी वापरली जायची भीती मला नेहमी वाटते.

अर्थ सुचतच नसेल तर स्वतःला नावाने हाक मारून विचारा. "मी का चिडले?" ऐवजी "अगं, तू का चिडलीस?" हे वेड्यासारखं वाटतं, पण ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी २०१४मध्ये दाखवलं की 'मी' सोडून स्वतःच्या नावाने किंवा 'तू' म्हणून विचार केला तर तणावाच्या प्रसंगात माणसं बरी निभावतात. आपल्याकडे मनाला 'मना' अशी हाक मारून चार गोष्टी सुनावायची रीत कित्येक शतकांची आहे, त्यामुळे लाजायचं काही कारण नाही.

भावना आठच्या वर असेल तर मात्र ही पायरी गाठूच नका. उकळत्या डोक्याला युक्तिवाद कळत नाही. आधी श्वास, आणि मग पुढची पायरी.

पायरी ४: लक्ष दुसरीकडे न्या, पण कुठे ते बघून

"त्याचा विचार करू नकोस" हा जगातला सगळ्यात निरुपयोगी सल्ला असावा. डॅनियल वेग्नर यांनी १९८७मध्ये विद्यार्थ्यांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं, आणि आला तर घंटी वाजवा. घंट्या वाजत राहिल्या. विचार हाकलता येत नाही, त्याच्या जागी दुसरा बसवता येतो.

रवंथ हा शब्द आपण गाईम्हशींसाठी वापरतो, पण रात्री दीडला छताकडे बघत "मी तेव्हा असं म्हणायला हवं होतं" हे चघळणं दुसरं काय असतं? रवंथाला वाटतं की तो विचार करतोय. ओळखायची खूण सोपी: दहा मिनिटांत नवा मुद्दा किंवा पुढचं पाऊल निघालं नसेल तर तो रवंथ.

त्यावर काय चालतं ते मी करून पाहिलंय. भाजी निवडणं, गवार मोडणं अजिबात चालत नाही. हात गुंततात, डोकं मोकळंच राहतं आणि दादा त्यात येऊन बसतो. मोजायला, जुळवायला लागणारं काम हवं: शब्दकोडं, स्वेटरची वीण, मुलाचं गणित. रील्स लक्ष धरून ठेवतात हे खरं, पण झोप खातात, आणि दुसऱ्या दिवशी चिडचिड व्याजासकट परत येते.

काळजी वारंवार येत असेल तर तिला वेळ ठरवून द्या. संध्याकाळी सहा ते सव्वासहा, ठरलेल्या खुर्चीत, वही घेऊन. दिवसा आली तर तिला "सहा वाजता ये" म्हणायचं आणि एक शब्द टिपून ठेवायचा. सुरुवातीला ती ऐकत नाही. आठदहा दिवसांनी बऱ्यापैकी ऐकते, आणि सहा वाजता खुर्चीत बसल्यावर तिला बोलायला फारसं काही उरलेलं नसतं.

जुनं, खोल काही टोचत असेल तर लिहा. जेम्स पेनेबेकर यांचा १९८६चा प्रयोग प्रसिद्ध आहे: सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगाबद्दल न थांबता लिहायचं, शुद्धलेखन विसरून. लगेच बरं वाटत नाही, उलट त्या दिवशी जड वाटतं. त्यामुळे झोपायच्या तोंडावर लिहू नका. आणि लिहिलेलं फाडून टाकलं तरी चालतं.

पायरी ५: प्रसंगालाच हात घाला

इथवर आलात की दिसायला लागतं की निम्मे भडके आधीच टाळता आले असते. विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी मी पावत्यांचे फोटो ग्रुपवर टाकले असते तर दादाचा मेसेज आलाच नसता. ही झाली प्रसंग बदलण्याची गोष्ट.

'जर-तर'चे नियम इथे कामाला येतात. "मी शांत राहीन" असा संकल्प टिकत नाही. "जर रात्री दहानंतर पैशांचा विषय निघाला, तर मी उत्तर सकाळी देईन" हा टिकतो, कारण त्यात कधी आणि काय हे दोन्ही ठरलेलं आहे. पीटर गोल्विट्झर यांनी अशा ठरावांवर बरंच संशोधन केलंय. एका वेळी एकच नियम घ्या. मी उत्साहात सात लिहून फ्रिजवर चिकटवले होते, त्यातला एकही पाळला गेला नाही, आणि घरच्यांना मात्र सातही पाठ झाले.

टाळण्याचा अतिरेक नको. रागाचा प्रसंग टाळणं बऱ्याचदा शहाणपण असतं, पण भीतीचं गणित उलटं आहे. सभेत बोलायची भीती वाटते म्हणून दर वेळी कारण काढून घरी बसलात तर भीती मोठी होत जाते. तिथे थोडं थोडं सामोरं जावंच लागतं. आधी चार जणांत, मग दहा जणांत.

हे पुरत नसेल तेव्हा

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, काम बिघडलेलं असेल, रडू थांबत नसेल, हात उगारला जात असेल, किंवा जगू नये असं वाटत असेल, तर या पायऱ्या बाजूला ठेवा आणि माणसाशी बोला. टेली-मानस ही सरकारची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झाली. क्रमांक १४४१६, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. समुपदेशकाकडे जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे हे आता वेगळं सांगायला नको, तरी आमच्याकडे मी पहिल्यांदा गेले तेव्हा आईला "डोळे तपासायला चाललेय" असंच सांगितलं होतं.

राहिली त्या रात्रीची गोष्ट. अकरा ओळी मी पुसल्या नाहीत, स्वतःलाच पाठवून ठेवल्या. सकाळी चहा झाल्यावर ग्रुपवर लिहिलं: "दादा, हिशोब रविवारी टाकते. एकूण खर्च ३८,४००. सगळ्या पावत्या आहेत, नारळवाल्याची सोडून, ते साडेसातशे माझ्या विश्वासावर धरा."

दहा मिनिटांनी दादाचं उत्तर आलं. नुसता अंगठा. मला पुन्हा राग आला. दहापैकी तीन.